पुन्हा पुन्हा तेच ते... हा मंत्रचळ तर नाही?

रात्रीची जेवणे झाली. दाराला कडी लावली, कुलूप घातले, दिवा मालवला आणि अंथरुणावर पाठ टेकली. तेवढ्यात मनात आले, 'कुलूप नीट लागले ना?' उठून पाहिले. लागलेले होते. असे आपणा सर्वांच्या बाबतीत कधी ना कधी घडते. त्यात काळजीचे काही कारण नाही.

परंतु समजा, एखादा माणूस असा उठतो, कुलूप ओढून पाहतो, परत येऊन पडतो, पुन्हा उठतो, आणि हे रोज रात्री पंधरा-वीस वेळा करतो. कुलूप लागलेले त्याला डोळ्यांनी दिसते, हाताला कळते. तरी मनाची खात्री पटत नाही. घरचे वैतागतात, शेजारी हसतात. तो स्वतःही मनातून खजील होतो, कारण हे करणे व्यर्थ आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. 'कळते पण वळत नाही' ही म्हण आपण आळशी माणसाला लावतो. या माणसाचे दुःख मात्र खरोखरच तसे आहे.

दोंडाईचा-नंदुरबार रस्त्यावरचे रनाळे घ्या किंवा जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या, अशी माणसे सगळीकडे असतात. पण ती दवाखान्यात येत नाहीत. तापाला, खोकल्याला, साखरेला औषध असते हे सर्वांना माहीत आहे. 'एकच विचार डोक्यातून जात नाही' यालाही औषध असते, हे माहीत नसते. त्यामुळे हा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. आजच्या लेखात हा आजार स्वतःच्या बाबतीत कसा ओळखावा आणि ओळखल्यावर काय करावे, ते पाहू.

आजाराचे नाव आणि स्वरूप

या आजाराला इंग्रजीत ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात. डॉक्टर मंडळी थोडक्यात ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे. मंत्र म्हणताना चूक झाली की माणसाला चळ लागतो, अशी समजूत या शब्दामागे होती. समजूत खरी नाही, पण 'माझ्या हातून चूक तर झाली नाही ना?' ही जी धास्ती त्या शब्दात आहे, ती या रुग्णाच्या मनात अगदी तशीच असते.

आजाराचे दोन भाग असतात. पहिला भाग विचारांचा. एखादा नकोसा विचार, शंका किंवा चित्र मनात घुसते, पुन्हा पुन्हा येते आणि जिवाची घालमेल करते. दुसरा भाग कृतीचा. ती घालमेल थांबावी म्हणून माणूस काहीतरी करतो. हात धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात जप करतो किंवा कोणाला तरी विचारून खात्री करून घेतो. केल्यावर थोडे बरे वाटते, पण थोडाच वेळ. मग तोच विचार परत येतो.

हा आजार दुर्मिळ नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. त्यात ओसीडीचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के आढळले. म्हणजे हजार प्रौढ माणसांमागे साधारण आठ. रनाळ्यासारख्या मोठ्या गावाला हा हिशेब लावून पाहिला, तर 'असे फक्त मलाच होते' ही समजूत किती चुकीची आहे ते लक्षात येईल.

नको ते विचार सर्वांनाच येतात

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण रुग्णाची निम्मी भीती तिच्यापाशीच असते. विचित्र, घाण किंवा भयंकर विचार मनात येणे हा आजार नाही. विहिरीच्या काठावर उभे असताना 'उडी टाकली तर?' असे मनात चमकून जाते. हातात विळा असताना 'हा कोणाला लागला तर?' असे वाटते. भजनात बसलेले असताना भलतेच काही आठवते. बहुतेक माणसे असा विचार आला की 'काहीतरीच!' म्हणतात आणि कामाला लागतात.

१९७८ साली रॅचमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी निरोगी माणसांना असे विचार येतात का, हे विचारून पाहिले. सुमारे ८० टक्के लोकांनी 'येतात' असे सांगितले. पुढे २०१४ साली १३ देशांतील ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ९४ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात मागील तीन महिन्यांत निदान एक तरी नकोसा विचार येऊन गेला होता. हे विद्यार्थी आजारी नव्हते.

मग फरक कोठे पडतो? विचार आल्यानंतर आपण काय करतो, तेथे. मंत्रचळाचा रुग्ण विचाराला किरकोळ समजत नाही. 'असा विचार आलाच कसा? म्हणजे मी वाईट आहे. आता खरेच तसे घडेल,' असे त्याला वाटते. मग तो विचार दाबून टाकण्याची धडपड सुरू होते.

आपल्याकडची गोष्ट प्रसिद्धच आहे. वैद्याने औषध दिले आणि बजावले की हे पिताना माकडाची आठवण करू नका. बिचाऱ्याला ते औषध कधी पिता आले नाही! अमेरिकेतील डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली हीच गोष्ट प्रयोग करून दाखवली. त्याने माकडाऐवजी पांढरे अस्वल घेतले होते. 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल राहून राहून येतच राहिले. विचार दाबण्याने जात नाही, उलट चिकटतो.

मंत्रचळाची चार रूपे

पहिले रूप धुण्याचे. आपल्या देशात हे फार आढळते. चंडीगढच्या पीजीआय रुग्णालयातील डॉक्टरांनी १९७५ साली ८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही घाण आणि संसर्ग यांविषयीचे विचार सर्वांत पुढे होते. आता धुणे म्हणजे आजार नव्हे. नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर काम करून आलेली बाई तीन-चार वेळा साबण लावते, कारण हाताची आग होते आणि तोच हात डोळ्याला लागला तर पंचाईत. कपाशीवर फवारणी करून आलेला शेतकरी आंघोळ करतो, कपडे वेगळे टाकतो. हे तर प्रत्येकाने केलेच पाहिजे. कारण खरे आहे, आणि धुऊन झाले की काम संपते. पण फवारणीला आठ दिवस होऊन गेले, मध्ये दहा वेळा आंघोळ झाली, तरी 'विष हाताला आहेच, माझ्या हातून मुलांच्या ताटात जाईल' या भीतीने जो माणूस तासतासभर हात घासतो, कातडी फुटून रक्त येईपर्यंत घासतो, लेकराला जवळ घेत नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायला हवे.

दुसरे रूप तपासण्याचे. गॅसचे बटण, दाराचे कुलूप, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. शेतातून घरी आलेला माणूस पुन्हा शेतात जातो, स्टार्टर बंद असल्याचे पाहतो, अर्ध्या वाटेवर आला की परत फिरतो. दुकानदार रात्री गल्ल्याचा हिशेब सात-आठ वेळा करतो. मोटरसायकलवरून जाणाऱ्याला खड्ड्यात धक्का बसतो आणि वाटते, 'चाकाखाली कोणी आले तर नाही?' तो मागे वळून रस्ता पाहून येतो, मग पुन्हा एकदा पाहून येतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अपघाताची बातमी शोधतो.

तिसरे रूप मोजण्याचे, मांडण्याचे आणि 'बरोबर वाटेपर्यंत' करत राहण्याचे. शाळकरी मुलांत हे दिसते आणि हमखास नजरेतून सुटते. मूल एक अक्षर लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, शेवटी कागद फाटतो. एकच ओळ वीस वेळा वाचते. परीक्षेत उत्तरे येत असूनही पेपर अपुरा राहतो. मास्तरांना वाटते मुलगा मंद आहे, वडिलांना वाटते नाटक करतो. दोन्ही समजुती चुकीच्या असू शकतात.

चौथे रूप सर्वांत लपलेले आणि म्हणूनच सर्वांत छळणारे. यात बाहेरून दिसण्यासारखी कृती नसते. सारंगखेड्याच्या एकमुखी दत्तापुढे एखादा भाविक हात जोडतो आणि त्याच क्षणी मनात देवाबद्दल शिवी उमटते. तो हादरतो. प्रायश्चित्त म्हणून मनात एकशे आठ वेळा नाव घेतो, मध्येच चूक झाली असे वाटून पहिल्यापासून सुरू करतो. पुढे तो देवळात जाणेच टाळू लागतो. समजा, एखादी नुकतीच बाळंत झालेली तरुणी आहे. बाळाला न्हाऊ घालताना तिच्या मनात येते, 'मी याला पाण्यात बुडवले तर?' ती भीतीने गार पडते. बाळाला एकटीने घेणे बंद करते. घरातला विळा, सुरी लपवून ठेवते. सासूला, नवऱ्याला, कोणालाच सांगत नाही, कारण सांगितले तर 'ही कसली आई!' म्हणतील. कोणाला नात्यातल्या माणसाविषयी लैंगिक स्वरूपाचे किळसवाणे विचार येतात आणि तो मान खाली घालून वावरतो.

या वाचकांना स्पष्ट सांगायला हवे. मंत्रचळातील असे विचार ही मनातील छुपी इच्छा नसते. आजार माणसाला जे सर्वांत प्रिय, सर्वांत पवित्र असते तेथेच बोट ठेवतो. म्हणूनच भाविकाला देवाविषयी आणि आईला बाळाविषयी भीती वाटते. ज्याला आपल्या विचाराची इतकी भीती वाटते आणि जो तो टाळण्यासाठी एवढे करतो, तो माणूस क्रूर किंवा पापी नसतो. तो आजारी असतो.

सोवळे, टापटीप आणि मंत्रचळ

येथे कोणी म्हणेल, 'आमच्या आजी सोवळ्यात स्वयंपाक करायच्या, मग त्याही रुग्णच का?' तसे नाही. सोवळ्याची चाल पटो वा न पटो, तिला ठरलेले नियम असतात आणि शेवट असतो. आंघोळ झाली, धूतवस्त्र नेसले, स्वयंपाक झाला, नैवेद्य झाला, संपले. करणाऱ्याला समाधान मिळते. मंत्रचळाला शेवट नसतो आणि समाधान तर नसतेच. घरातली सोवळे पाळणारी वडीलधारी बाईसुद्धा जेव्हा म्हणते, 'अगं, पुरे आता, झाले स्वच्छ,' आणि तरी हात थांबत नाही, तेव्हा ती धर्माची किंवा संस्काराची बाब राहिलेली नसते.

तसेच टापटिपीचे. कपड्यांच्या घड्या एकसारख्या ठेवणे, भांडी चकचकीत ठेवणे हा अनेकांचा आवडीचा स्वभाव असतो. जे करताना आनंद होतो आणि ज्यामुळे कामे अडत नाहीत, तो आजार नव्हे. २०२० साली करोनाच्या साथीत आपण सर्वांनीच वीस-वीस सेकंद हात धुतले. तेव्हा ते योग्यच होते. साथ ओसरल्यावर बहुतेकांची ती धास्ती आपोआप गेली. ज्यांची गेली नाही, उलट वाढली, त्यांनी पुढचा भाग जरूर वाचावा.

आजार वाढतो कसा?

शेजारच्या घरातला गजर बिघडला आहे असे समजा. तो कारण नसताना वाजतो. आपण उठून तो बंद करतो. थोड्या वेळाने तो पुन्हा वाजतो. मंत्रचळात मेंदूतील धोक्याचा गजर असाच अवेळी वाजतो. हात धुतले की गजर थांबतो. मग मन शिकते, 'धुतले म्हणून वाचलो.' दुसऱ्या वेळी ते अधिक जोराने धुवायला लावते. कालपर्यंत दोनदा धुऊन भागत होते, आज पाच वेळा, महिन्याने वीस वेळा. एकदाही न धुता थांबून पाहिले नाही, म्हणून 'न धुताही काही झाले नसते' हे मनाला कधी कळतच नाही. खाजवल्याने खरूज वाढावी तसा हा प्रकार आहे.

स्वतःला विचारण्याचे सात प्रश्न

शांतपणे बसून पुढील प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे द्यावीत.

१. एखादा नकोसा विचार, शंका किंवा चित्र माझ्या मनात वारंवार येते का, आणि ते घालवू म्हटले तरी जात नाही का?

२. त्या विचाराने बेचैन होऊन मी काही ठरावीक गोष्ट पुन्हा पुन्हा करतो का? (धुणे, तपासणे, मोजणे, मांडणे, मनात जप करणे, माफी मागणे, दुसऱ्याला विचारणे.)

३. हे करणे गरजेपेक्षा जास्त आहे, असे मला निदान काही वेळा वाटते का?

४. न करता थांबायचा प्रयत्न केला तर जीव कासावीस होतो का?

५. हे सर्व मिळून दिवसातला एक तास किंवा त्याहून अधिक वेळ जातो का? (डॉक्टर निदान करताना या एका तासाला महत्त्व देतात.)

६. यामुळे शेतीचे काम, नोकरी, अभ्यास, झोप, जेवण किंवा घरातील नाती बिघडली आहेत का?

७. भीतीमुळे काही जागा, वस्तू किंवा माणसे मी टाळू लागलो आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांना 'होय' आणि पाचव्या, सहाव्या किंवा सातव्यापैकी एकालाही 'होय' असे उत्तर आले, तर डॉक्टरांना भेटावे. वेळ तासाहून कमी जात असला तरी मनाला फार त्रास होत असेल तर भेटण्यास हरकत नाही.

तीन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली: ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करतात. प्रश्न एकदाच वाचावेत. 'मला हा आजार आहे की नाही?' याचीच रोज दहा वेळा तपासणी सुरू झाली, किंवा घरच्यांना 'मला काही नाही ना?' असे सारखे विचारावेसे वाटू लागले, तर तोही मंत्रचळाचाच एक प्रकार असू शकतो. कातरण कपाटात ठेवून सरळ दवाखाना गाठावा.

दुसरी: मंत्रचळात विचार आपल्याच मनातला आहे हे रुग्णाला कळते. कानात परके आवाज येणे, कोणी आपल्यावर करणी करत आहे याची पक्की खात्री वाटणे, किंवा बाळंतिणीला 'हे बाळ माझे नाही, याला संपवले पाहिजे' असे खरेच पटू लागणे, ही वेगळ्या आणि तातडीच्या आजाराची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि तोवर बाळंतिणीला व बाळाला एकटे ठेवू नये.

तिसरी: मंत्रचळाच्या रुग्णाला पुष्कळदा उदासीनताही येते. जगणे नकोसे वाटणे किंवा जीव द्यावासा वाटणे, हे कधीही लपवू नये.

हे का होते?

आजार बहुधा शालेय वयात किंवा तरुणपणी सुरू होतो. जवळच्या नातलगांत कोणाला असेल तर शक्यता काहीशी वाढते. मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवर असलेली काही केंद्रे यांच्यात निरोपांची सारखी देवाणघेवाण चालू असते. 'काम झाले, आता पुढे चला' हा निरोप या रुग्णांत नीट पोहोचत नाही, असे संशोधन सांगते. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे येथे लागू पडतात. परीक्षा, बाळंतपण, घरातला मृत्यू अशा ताणाच्या काळात त्रास उफाळतो. हे बाहेरच्या बाधेमुळे होत नाही, आईवडिलांच्या पापामुळे होत नाही आणि मन कमकुवत असल्यामुळेही होत नाही. भगताकडे चकरा मारण्यात आजाराची वर्षे वाढतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला मारहाण करणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

उपचार आहेत आणि ते लागू पडतात

उपचाराचे दोन मार्ग आहेत: औषधे आणि वर्तनोपचार. दोन्ही एकत्र दिले तर पुष्कळ रुग्णांना अधिक फायदा होतो.

औषधांमध्ये फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन आणि जुने क्लोमिप्रामिन ही नावे प्रमुख आहेत. ही झोपेची औषधे नव्हेत आणि त्यांची नशेसारखी चटक लागत नाही. गुण मात्र सावकाश येतो. आठ ते बारा आठवडे धीर धरावा लागतो. 'पंधरा दिवस घेतले, काही फरक नाही' म्हणून अनेक जण औषध सोडतात आणि येथेच फसतात. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा वर्ष-दोन वर्षे, औषध चालू ठेवावे लागते. ते एकाएकी बंद करू नये आणि मेडिकल दुकानातून परस्पर घेऊ नये. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः तरुणांमध्ये, बेचैनी किंवा आत्मघाताचे विचार वाढल्यासारखे दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवावे. एका औषधाने पुरेसा गुण आला नाही, तर दुसरे देता येते.

वर्तनोपचाराचा पाया व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली लंडनमध्ये घातला. त्याची पद्धत ऐकायला सोपी, करायला कठीण आहे. ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक रुग्णाबरोबर बसून भीतीची पायऱ्या-पायऱ्यांची यादी करतात. समजा, एसटीच्या दांड्याला हात लावला की धुतल्याशिवाय राहवत नाही. तर आधी घराच्या दाराची कडी धरायची आणि दहा मिनिटे धुवायचे नाही. जीव कासावीस होतो, घाम फुटतो. तरी थांबायचे. हळूहळू ती बेचैनी आपोआप उतरते, आणि मन आयुष्यात पहिल्यांदा शिकते की न धुताही ती उतरते. मग दहाची वीस मिनिटे, मग कडीऐवजी एसटीचा दांडा. हे उपचार जाणकाराच्या देखरेखीखाली करावेत; घरच्यांनी रुग्णाचा हात धरून जबरदस्तीने करू नयेत.

घरच्यांनी काय करावे?

घरची माणसे प्रेमापोटीच आजाराला खतपाणी घालतात. पती विचारतो, 'कुलूप लागले ना?' पत्नी दिवसातून तीस वेळा म्हणते, 'अहो, लागले.' मुलीच्या हट्टापायी सगळे घर बाहेरून आले की आंघोळ करते. त्या क्षणी भांडण टळते, पण आजार पक्का होतो. दुसऱ्या टोकाला चिडणे, टोमणे मारणे, पाण्याचा नळ बंद करणे असते. त्यानेही काही साधत नाही.

मधला मार्ग असा. आजार आणि माणूस वेगळे समजावेत. उपचार सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्यांनी मिळून ठरवावे, 'यापुढे हा प्रश्न दिवसातून पाचदाच उत्तरला जाईल,' मग तीनदा, मग एकदा. नकार द्यायचा तो मायेने द्यावा. 'तुला त्रास होतो आहे हे मला दिसते. पण उत्तर दिले तर तुझा आजार वाढेल, म्हणून देत नाही. मी तुझ्याजवळ बसते,' असे म्हणता येते. आणि एखाद्या दिवशी त्याने वीसऐवजी पंधरा वेळाच हात धुतले, तर ते ओळखून शाबासकी द्यावी.

कोठे जावे, काय सांगावे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या तपासणीचे वार विचारून घ्यावेत. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. धुळ्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लांब जाणे शक्य नसेल किंवा संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक लावल्यास रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. जीव द्यावासा वाटत असेल तर हा क्रमांक तत्काळ लावावा आणि घरातील एका तरी माणसाला सांगावे.

डॉक्टरांसमोर बसल्यावर जीभ अडखळते, हा सर्वांचा अनुभव असतो. त्यासाठी आदल्या दिवशी एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: कोणता विचार येतो, तो आल्यावर मी काय करतो, दिवसातला किती वेळ जातो, कधीपासून आहे. देवाविषयीचा, बाळाविषयीचा किंवा लैंगिक स्वरूपाचा विचार तोंडाने सांगवत नसेल, तर कागद पुढे करावा. मनोविकारतज्ज्ञांनी असे विचार शेकडो रुग्णांकडून ऐकलेले असतात. ते दचकणार नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त राखणे त्यांना बंधनकारक आहे, आणि सरकारी दवाखान्यात मानसिक आजारावर उपचार मिळणे हा आपला हक्क आहे.

मधुमेह झाला म्हणून कोणी स्वतःला पापी समजत नाही. तपासणी करतो, पथ्य पाळतो, गोळी घेतो. मंत्रचळाकडेही त्याच नजरेने पाहावे. ज्यांनी आजवर हा त्रास कोणाजवळही बोलून दाखवला नाही, त्यांनी या आठवड्यात निदान एका विश्वासाच्या माणसाला सांगावे आणि त्याला बरोबर घेऊन दवाखान्याची वाट धरावी.